अण्णांच्या टपालाची आवक-जावक

वाचकाचे पत्र :

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ते आणि आई सातारा जिल्ह्यात गावी राहतात, मी पुण्यात असते आणि दादा मेलबर्नला असतो. गेल्या दीड-दोन वर्षांत अण्णांकडे येणारे टपाल फार वाढले आहे : गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती, अनाथ मुलांचे फोटो लावलेली देणगीची पत्रे, ‘भाग्यशाली ग्राहक’ म्हणून निवड झाल्याची पाकिटे. तीन महिन्यांपूर्वी अशाच एका पाकिटात स्क्रॅच कार्ड निघाले आणि ते खरवडल्यावर चारचाकी गाडी लागल्याचे दिसले. अण्णांनी त्यावरच्या नंबरवर फोन केला आणि बँकेतून आधी ५,८०० व अकरा दिवसांपूर्वी १८,५०० रुपये भरले. आता ‘आरटीओ आणि विमा’ यांसाठी ३२,००० मागितले, ते त्यांनी माझ्याकडे उसने मागितले, तेव्हा आम्हाला हा प्रकार कळला. दादा फोनवर फार बोलला. ‘एवढे शिकलेले असून’ हे त्याचे शब्द अण्णांना लागले. तेव्हापासून ते दादाशी बोलत नाहीत, आणि आई सांगते की पोस्टमन आला की ते फाटकापाशी जाऊन पाकीट खिशात घालतात. त्यांचे टपाल माझ्या पत्त्यावर वळवावे आणि पासबुक, एटीएम कार्ड काढून घ्यावे, असे दादाचे म्हणणे आहे. मी काय करावे?

– एक मुलगी, पुणे

उत्तर :

अण्णा आता पाकीट खिशात घालतात, या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. चोवीस हजार तीनशे रुपये गेले ते गेले, कदाचित त्यातले काही परतही मिळतील. पण जो माणूस परवापर्यंत ‘बत्तीस हजार दे गं’ असे सरळ लेकीला विचारत होता, तो आज टपाल लपवू लागला असेल, तर पुढच्या वेळी तो तुमच्याकडे उसने मागणार नाही, ठेव मोडेल. अण्णांनी तिसऱ्या हप्त्याच्या वेळी तुम्हाला विचारले, हे या सगळ्या प्रकरणातले एकमेव सुदैव आहे. दादांच्या बोलण्याने नेमकी तीच वाट बुजली. ती पुन्हा मोकळी करणे हे तुमचे मुख्य काम आहे, आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे ते त्या एका कामाच्या सोयीचे आहे.

तरीही ज्या गोष्टींना वेळेची घाई आहे, त्या आधी सांगते. आजच १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठी असलेली ही सरकारी मदतवाहिनी आहे आणि तीच तक्रार केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. फसवणूक होऊन काही तासच झाले असतील तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. अकरा दिवसांनी ती कमी होते, तरी संपत नाही, शिवाय तेच खाते इतरांच्याही तक्रारींत आलेले असू शकते. अण्णांच्या बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दोन्ही वेळच्या पावत्यांची छायाप्रत जोडा. गावच्या पोलिस ठाण्यात ‘पत्र परराज्यातून आले, आमच्या हद्दीत येत नाही’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे सांगा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेतले ३१८ आहे. आपण सवयीने अजून ‘चारशेवीस’च म्हणतो.

आणि पाकीट फाडू नका. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात पाकिटावर स्पीड पोस्टची पट्टी स्पष्ट दिसते. तिच्यावरचा दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी ‘आयएन’ असा क्रमांक डाक विभागाच्या संकेतस्थळावर घातला, तर ते पाकीट कोणत्या कार्यालयात, कोणत्या दिवशी नोंदवले गेले ते कळू शकते. जुन्या क्रमांकाची माहिती काही काळाने दिसेनाशी होते, म्हणून आजच पाहून तिची छपाई काढून ठेवा. पोलिसांना पत्रातल्या मजकुरापेक्षा हा क्रमांक, फोन नंबर आणि बँक खात्याचा तपशील जास्त उपयोगी पडतो.

आता त्या पत्राकडे जरा जवळून पाहू, कारण अण्णांसोबत बसून ते असेच वाचायचे आहे. कागद जाड आणि गुळगुळीत आहे. वर एका नावाजलेल्या विक्री कंपनीचे बोधचिन्ह छापले आहे. त्या कंपनीचा याच्याशी काही संबंध असेल असे मला वाटत नाही, बोधचिन्ह कोणालाही छापता येते. खाली निळ्या शाईचा गोल शिक्का, चकाकणारे होलोग्राम, ‘अधिकृत स्वाक्षरी’ असे लिहून तिरकी सही. अण्णांच्या आडनावातला एक काना गळला आहे. उजव्या कोपऱ्यात चंदेरी पट्टी, ती अण्णांनी रुपयाच्या नाण्याने खरवडली असणार. तिची चंदेरी भुकटी घडीत अजून अडकलेली दिसते. या पट्टीखाली काही न लागल्याचे कार्ड कोणालाही येत नाही, कारण न लागलेला माणूस फोन करत नाही. आणि सर्वांत खाली, अगदी बारीक अक्षरात, ‘कर व प्रक्रिया शुल्क विजेत्याने भरावे’. बाकीचा मजकूर आहे तो माणसाला या ओळीपर्यंत आणण्यासाठी.

पहिली रक्कम नेहमी लहान असते. पाच-सहा हजार म्हणजे निवृत्तिवेतनातून घरात कोणाला न विचारता देता येतील इतके पैसे. ते भरल्यावर माणूस त्यात अडकतो : आता थांबलो तर भरलेले बुडतील, आणखी थोडे भरले तर गाडी दारात येईल. मग जीएसटी येतो, मग आरटीओ, मग ‘ना हरकत दाखला’. दर खेपेला फोनवरचा मुलगा ‘सर, हे शेवटचेच’ म्हणतो, आणि अण्णांना कित्येक वर्षांनी रोज कोणीतरी ‘सर’ म्हणत असते, हेही विसरू नका. तुम्ही बँकेची पावती पाहाल तर पैसे कंपनीच्या नावे नव्हे, कोणा एका व्यक्तीच्या खात्यात गेलेले आढळतील. अशी खाती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाची, थोड्या मोबदल्यावर वापरायला घेतलेली असतात. एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी पाहून घेण्याची सोय आता बँकांत झाली आहे. ‘कंपनीला पैसे भरायचे आहेत, मग हे नाव कोणाचे?’ एवढा प्रश्न खिडकीशी विचारला गेला असता तर कदाचित तिथेच थांबता आले असते.

दादांनी विचारलेल्या ‘एवढे शिकलेले असून’ याचे उत्तर मला सोपे वाटते. शिकलेल्या माणसाचाच कागदावर विश्वास असतो. अण्णांच्या नेमणुकीचा आदेश टपालाने आला, बदल्यांचे आदेश टपालाने आले, त्यांनी आपल्या आईवडिलांना मनिऑर्डरी टपालाने पाठवल्या आणि घरातली वाईट बातमी तारेने आली. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रजिस्टर्ड टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले. पण ‘सही करून घेतलेले पत्र म्हणजे खरे पत्र’ हे समीकरण अण्णांच्या पिढीच्या मनातून कसे जाणार? फोनवरचा अनोळखी आवाज त्यांनी तत्काळ ओळखला असता. इथे मात्र दारात ओळखीचा पोस्टमन उभा होता, खाकी पिशवी होती, सही घ्यायची होती. पोस्टमन बिचारा बंद पाकीट पोहोचवतो, आत काय आहे याची हमी तो देत नाही आणि डाक खातेही देत नाही. परंतु त्याच्या हातून आलेल्या कागदाला त्याची विश्वासार्हता आपोआप चिकटते. अण्णांना हे याच शब्दांत सांगा. ‘तुम्ही हावरटपणा केलात’ असा त्याचा अर्थ होत नाही, आणि मला वाटते तो खराही नाही.

अण्णा कदाचित म्हणतील की सरकारी लॉटरीही असतेच की. असते, महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. पण तिचे तिकीट आधी आपण विकत घ्यावे लागते आणि बक्षीस मागताना तेच तिकीट दाखवावे लागते. न काढलेल्या तिकिटावर बक्षीस लागत नाही. आणि कराचे म्हणाल, तर लॉटरीच्या रोख बक्षिसावर ३० टक्के दराने आयकर असतो खरा, पण तो बक्षीस देणाराच कापून घेतो व उरलेली रक्कम विजेत्याला देतो; बक्षीस गाडीसारखी वस्तू असली तरी कर सरकारकडेच जमा होतो, विजेत्याने तो कोणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यात भरायचा, असा प्रकार कायद्यात नाही. अण्णा गणिताचे शिक्षक असोत वा नसोत, ‘देणाऱ्याने आपल्यातून कापून का घेतले नाहीत?’ हा प्रश्न त्यांना पटेल. तो त्यांनाच सुचू द्या. तुम्ही फक्त पत्र पुढे ठेवा.

इथे एक घरचे सांगते. माझे सासरे वारल्यानंतर त्यांच्या खाटेखालची ट्रंक आम्ही उघडली, तेव्हा तीत व्ही. पी.ने, म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवून घ्यायच्या पार्सलाने, आलेली सोळा खोकी निघाली. चुंबकाचे कडे, मधुमेहाचे चूर्ण, ‘हिमालयातले’ शिलाजित, डोळ्यांचा थेंब. बहुतेक फोडलेलीही नव्हती. प्रत्येक खोक्याच्या दोरीत पावती नीट घडी करून खोवलेली होती, कारण हिशेबाचा माणूस होता. एका कंपनीची यादी दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे जात राहिली असणार. घरात पहिले खोके आले तेव्हा मी आणि माझे यजमान खूप हसलो होतो. त्यानंतर एकही खोके आम्हाला दिसले नाही, आणि आम्ही समजलो की त्यांचा नाद सुटला. ट्रंक पाहिल्यावर कळले की दुपारी आम्ही दोघे कामावर असताना ते स्वतः पोस्टात जाऊन सोडवून आणत होते. माझ्या या सल्ल्याला थोडा पश्चात्तापाचा वास येत असेल, तर तो असा आहे.

म्हणून दादांची सूचना मी सरळ नाकारते. टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवायचे तर ज्याचे टपाल त्यानेच तसा अर्ज द्यायचा असतो. अण्णा तो मनापासून देणार नाहीत, आणि त्यांच्याकडून दमदाटीने लिहून घेतला तर त्या फोनवरच्या मुलात आणि आपल्यात फरक काय राहिला? शिवाय त्याच टपालात विम्याची नोटीस, घरपट्टी, बँकेची केवायसीची आठवण, जुन्या विद्यार्थ्याची लग्नपत्रिकाही येते. ज्याच्या दारातून पोस्टमन न थांबता पुढे जाऊ लागला, त्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, याची कल्पना मेलबर्नमध्ये बसून येणे अवघड आहे.

त्याऐवजी अण्णांना त्यांचेच एक जुने काम परत द्या. मुख्याध्यापकाच्या टेबलावर आवक-जावक नोंदवही असते. आलेला प्रत्येक कागद तारीख टाकून, क्रमांक घालून, कोणाकडून, कशासंबंधी आणि काय कार्यवाही केली, अशा रकान्यांत उतरवायचा. नोंद झाल्याशिवाय कोणत्याही कागदावर कार्यवाही करायची नाही. ही शिस्त अण्णांनी कितीतरी वर्षे पाळली आणि कारकुनांकडून पाळून घेतली. दोनशे पानी वही आणा, रकाने त्यांनाच आखू द्या आणि एकच रकाना आपला म्हणून वाढवा : ‘पैसे मागितले आहेत काय?’ ज्या पत्रापुढे ‘होय’ येईल, त्यावर सात दिवस काही करायचे नाही आणि रविवारी फोनवर ते तुम्हाला वाचून दाखवायचे, एवढाच नियम करा. तुम्हीही तुमच्याकडे आलेले असले संदेश त्यांना वाचून दाखवा. पुण्यात ते काही कमी येत नाहीत. ‘अण्णा, हे खरे वाटते का तुम्हाला?’ असे तुम्ही विचारलेत, तर त्यांना तपासनिसाची जागा मिळते, आणि तपासनीस सहसा आपले टपाल लपवत नाही. सात दिवसांची मुदत मी मुद्दाम सांगते, कारण या सगळ्या पत्रांत ‘७२ तासांच्या आत’ हे शब्द ठळक छापलेले असतात. खऱ्या घरपट्टीला, खऱ्या विम्याच्या हप्त्याला आठवडाभराने सहसा काही बिघडत नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन रविवारी वहीत फक्त लग्नपत्रिका आणि वीजबिले येतील. खिशातली पाकिटे एवढ्यात बाहेर पडणार नाहीत. तेव्हा ‘एवढेच का?’ असे विचारू नका.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन-चार पक्क्या गोष्टी अण्णांच्याच अक्षरात लिहून ठेवलेल्या बऱ्या. रिझर्व्ह बँक कोणा व्यक्तीचे खाते ठेवत नाही आणि कोणाच्या नावावर पडलेली रक्कम सोडवून देण्यासाठी शुल्क मागत नाही. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. जुन्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे असे त्याच्या नावाने येणारे पत्र खोटे समजावे. मोबाइलचा मनोरा गच्चीवर बसवून महिन्याला पन्नास हजार भाडे देतो, अशी पत्रे गावोगाव येतात, त्यांना ‘ट्राय’ची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, परवानगी जोडलेली असते, मनोऱ्यासाठी जागा भाड्याने घेण्याशी ट्रायचा काही संबंध नसतो आणि अशी परवानगीही ती देत नाही. परदेशी लॉटरी असेल तर तिच्यासाठी भारतातून पैसे पाठवणेच परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे मना आहे. यापेक्षा लांब यादी करू नका. लांब यादी कोणी वाचत नाही, आणि उद्याचा भामटा तिच्यात नसलेलेच नाव घेऊन येणार.

व्ही. पी. किंवा कॅश ऑन डिलिव्हरीने येणाऱ्या पार्सलांबाबत एक गोष्ट पुष्कळ वृद्धांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही संकोच वाटतो : न मागवलेले पार्सल घ्यायचे बंधन नाही. ‘घ्यायचे नाही’ एवढे पोस्टमनला सांगितले की तो तसा शेरा मारून ते परत पाठवतो आणि त्यासाठी आपल्याला काही पडत नाही. पोस्टमन उन्हातून आला, त्याला मोकळ्या हाताने कसे पाठवायचे, असे आईला वाटत असेल. त्याला पाणी द्यावे, सरबत द्यावे, पार्सल द्यावे परत. गुडघ्याच्या तेलापुरते सांगायचे तर अंग चोळायला तेल घेतले म्हणून आभाळ कोसळत नाही, पण ‘शस्त्रक्रियेशिवाय मोतीबिंदू जाईल’, ‘मधुमेह मुळापासून नाहीसा होईल’ अशा जाहिराती करण्याला १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे, आणि असे पत्रक अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे पाठवता येते. अशी चूर्णे खाऊन कोणी चालू असलेल्या गोळ्या सोडत नाही ना, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. खोक्यावर गेलेल्या आठशे रुपयांहून तो धोका मोठा आहे.

देणगीची पत्रे मी या रांगेत बसवणार नाही. त्यांतल्या काही संस्था खऱ्या आणि चांगल्या असतात. अडचण इतकीच की एकदा देणगी दिली की पत्रांचा ओघ वाढतो आणि अण्णांसारख्या माणसाला नाही म्हणताना अपराधी वाटते. वर्षाच्या सुरुवातीला रक्कम ठरवा, दोन संस्था निवडा, शक्यतो ज्यांचे काम अण्णांनी डोळ्यांनी पाहिले आहे अशा, त्यांच्या शाळेचाच एखादा विद्यार्थी निधी असला तर उत्तमच. बाकीच्यांना द्यायला त्यांच्याकडे एक खरे उत्तर तयार राहील : ‘यंदाचे दान झाले.’

फोनवरच्या जाहिराती थांबवण्यासाठी १९०९ वर नोंदणी करता येते, ती करून टाका. पाकिटांना तिचा उपयोग नाही. नको असलेल्या स्पीड पोस्टवरही सही न करता ते परत पाठवता येते, आणि पाठवणारा कोण ते ओळखू येत नसेल तर हाच मार्ग बरा. दीड-दोन वर्षांपूर्वी अण्णांनी टीव्हीवरची जाहिरात पाहून काही मागवले होते का, एखाद्या प्रदर्शनात नाव-पत्ता लिहून चिठ्ठी टाकली होती का, हे सहज बोलता बोलता विचारा. पत्ता पहिल्यांदा कुठून गेला ते कळले, तर पुढे कुठे देऊ नये तेही कळते.

पासबुक काढून घेण्याऐवजी पैशांची मांडणी बदला, तीही अण्णांना शाखेत सोबत नेऊन. मोठ्या ठेवी आणि बचतीचा मुख्य भाग तुमच्या किंवा आईच्या संयुक्त नावाच्या खात्यात असावा. निवृत्तिवेतनातला ठराविक भाग दरमहा एका वेगळ्या लहान खात्यात जावा आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड अण्णांच्या खिशात असावे, त्याचा हिशेब त्यांना कोणी विचारू नये. त्यातून त्यांनी वर्षाकाठी दोन चुंबकी कडी घेतली तरी घर बुडत नाही. ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी ठेवा आणि मोठ्या खात्याचे संदेश तुमच्याही मोबाइलवर येतील असे करा. पण हे त्यांच्या नकळत करू नका. शाखेतल्या खिडकीवरच्या माणसाशी अण्णांची ओळख असेल, तर त्याला अण्णांनीच सांगावे की अनोळखी नावावर रक्कम पाठवायला आलो तर मला जरा विचारा. आपण स्वतः नेमलेल्या राखणदाराचा राग येत नाही.

एका गोष्टीची मात्र तयारी ठेवा. येत्या काही आठवड्यांत अण्णांना ‘सायबर पोलिस’, ‘ग्राहक न्यायालय’ किंवा ‘वकील’ म्हणून कोणाचा तरी फोन येण्याचा बराच संभव आहे : तुमचे २४,३०० रुपये परत मिळवून देतो, फक्त अर्जाचे दीड हजार भरा. तीच टोळी किंवा तिच्याकडून यादी घेतलेली दुसरी टोळी असते, आणि गेलेले पैसे परत यावेत ही इच्छा गाडीच्या इच्छेपेक्षा जबर असते. दुसरा फोन याहून भीतिदायक असतो : तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉल बंद करू नका, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही सांगितले होते. आणि ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे’ म्हणून दुवा पाठवणारे लघुसंदेश डाक खात्याच्या नावाने सर्रास फिरतात. टपालावरचा अण्णांचा विश्वास तिथेही त्यांना दगा देईल. फोनवर एकच वाक्य पाठ असू द्या : ‘मुलीशी बोलून सांगतो.’ खरा पोलिस त्याला हरकत घेत नाही. भामटा ताबडतोब चिडतो किंवा घाबरवतो, आणि तिथेच तो ओळखू येतो.

एक शक्यता लिहावी की नको, असा मला प्रश्न पडला होता. अण्णांना तारखा, नावे, नेहमीची बिले विसरायला होत असतील, एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा दिले जात असतील, किंवा पूर्वी तोंडी करत ते हिशेब आता अडत असतील, तर नेहमीच्या डॉक्टरांशी एकदा बोला. पैशांच्या व्यवहारातला गोंधळ हे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असू शकते. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही. उसने मागताना त्यांनी रकमा, तारखा आणि हप्ते अचूक सांगितले आहेत. पण फसले म्हणून स्मरणशक्तीवर संशय घेणे जसे चूक, तसे ‘वयच झाले’ म्हणून लक्षणे सोडून देणेही चूक. दिवसभर दोघांनाच राहावे लागते, तेव्हा ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांकही फोनशेजारी लिहून ठेवा.

आता तुम्ही शनिवारी गावी जाल तेव्हाचे. जेवणे होईपर्यंत विषय काढू नका. मग अण्णांना सांगा की १९३० वर तक्रार नोंदवली आहे आणि पोलिस ठाण्यात व बँकेत लेखी अर्ज द्यायचे आहेत : ‘अण्णा, ते तुम्हीच लिहा, कारण असले अर्ज तुमच्याइतके नेटके घरात कोणी लिहीत नाही.’ गल्लीतल्या निम्म्या लोकांचे रेशनचे आणि सातबाऱ्याचे अर्ज त्यांनीच लिहून दिले असतील. मायना त्यांना ठाऊक आहे. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ तेच घालतील. त्यात ‘माझ्या मूर्खपणामुळे’ वगैरे वाक्य आले, तर ते तेवढे खोडायला लावा, कारण अर्जात फिर्यादीने घटना सांगायची असते, स्वतःला शिक्षा द्यायची नसते : अमुक तारखेला पाकीट आले, अमुक क्रमांकावर बोलणे झाले, अमुक खात्यात इतके भरले, आता इतक्यांची मागणी आहे. सोबत जोडायचे ते मूळ पाकीट, स्क्रॅच कार्ड, दोन पावत्या आणि फोनमधल्या कॉलच्या नोंदी. एक प्रत डाक विभागाच्या अधीक्षकांकडे जाऊ द्या. अर्जाची स्थळप्रत नव्या वहीत जावक क्रमांक १ म्हणून अण्णा आपणहून लावतील, तुम्ही सांगू नका.

आणि त्याआधी दादांना कळवा की शनिवारी रात्री, तुम्ही तिथे असताना, त्यांनी अण्णांना फोन करावा आणि मेलबर्नमध्ये त्यांना स्वतःला आलेला एखादा खोटा संदेश शब्दशः वाचून दाखवावा. त्यांनाही आला असेलच, आणि एखाद्या वेळी त्यांनी त्यावर बोट ठेवलेही असेल.